नियम नदीचा की मंडळींचा? : निम्फच्या वादाचा इतिहास

१/ इतिहासाच्या धाग्यात मासेमारी कशाला, असे काहींना वाटेल. परंतु इंग्लंडमधील एका छंदात जवळपास पन्नास वर्षे चाललेल्या वादाने 'परंपरा' या शब्दाविषयी मला अनेक पाठ्यपुस्तकांहून अधिक शिकवले. वाद दिसायला अगदी साधा होता : गळाला बांधलेली पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर तरंगावी, की पाण्याखाली बुडावी?

२/ आधी थोडे जीवशास्त्र. मेफ्लायसारखे कीटक आयुष्याचा बहुतांश काळ नदीच्या तळाशी, दगडगोट्यांत, अपक्व अवस्थेत काढतात. या अवस्थेला निम्फ म्हणतात. पंख फुटून ते वर येतात ते अखेरच्या थोड्या काळापुरते. साहजिकच ट्राउट माशाचे बरेचसे खाणे पाण्याखालीच होते. या निम्फची नक्कल गळावर बांधून मासा धरणे, ही निम्फ-मासेमारी.

३/ दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट आणि इचेन या खडूच्या खडकातून उगम पावणाऱ्या नितळ नद्या. येथे फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी १८८६ आणि १८८९ च्या ग्रंथांतून तरंगत्या, म्हणजे 'कोरड्या' माशीचे शास्त्र मांडले. मासा वर आलेला पाहावा, तो कोणता कीटक खातो ते ओळखावे, तशीच माशी प्रवाहाच्या उलट दिशेने त्याच्यापुढे टाकावी. हॅल्फर्ड अत्यंत काटेकोर निरीक्षक होते, यात शंका नाही. मात्र अनुयायांच्या हाती या पद्धतीचा आचारधर्म झाला. माशी बुडवणारा मनुष्य सभ्य नव्हे, असे मानले जाऊ लागले.

४/ गंमत अशी की बुडती माशी कितीतरी जुनी होती. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट यांनी ती प्रवाहाच्या उलट टाकण्याचा पुरस्कार १८५७ मध्येच केला होता. टी. ई. प्रिट यांनी यॉर्कशरच्या माशांचे नमुने १८८५ मध्ये ग्रंथबद्ध केले. म्हणजे 'प्राचीन मर्यादा' म्हणून जे सांगितले जात होते, ते जे नाकारत होते त्याच्याहून वयाने लहान होते.

५/ मग आले जी. ई. एम. स्क्यूज, व्यवसायाने वकील. धरलेल्या माशाच्या पोटातील ऐवज ते लांबट चमच्याने काढून पाण्यात पसरून पाहत. त्यात पंख असलेल्या माश्यांपेक्षा निम्फच अधिक सापडत. १९१० आणि १९२१ च्या पुस्तकांत त्यांनी हा पुरावा मांडला. त्यांची निम्फ जड नव्हती. ती पृष्ठभागाखाली जेमतेम बुडे, आणि दिसलेल्या माशालाच टाकली जाई. तरीही विरोध थांबला नाही.

६/ फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा झाली. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचे होते. इचेनच्या ज्या पात्रात ते १८८३ पासून गळ टाकत होते, ते त्याच वर्षी त्यांनी सोडले. सहभागीदारांना त्यांची निम्फ खपत नव्हती. पुढच्याच वर्षी निम्फवरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

७/ येथे बहुतेक कथने थांबतात : हॅल्फर्ड सनातनी, स्क्यूज सुधारक. मला ही मांडणी अपुरी वाटते. दोघेही खासगी पात्रांत मासे धरणारे, दोघेही ग्रंथकार. माझ्या मते खरा बदल तिसऱ्या माणसाने घडवला. फ्रँक सॉयर हे विल्टशरमधील एव्हन नदीचे राखणदार, म्हणजे नदी सांभाळणारे पगारी नोकर. त्यांनी धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस वापरून निम्फ बांधली. तारेच्या वजनाने ती खरोखर खोल जाऊ लागली. त्यांचे पुस्तक १९५८ चे.

८/ सॉयर यांची दुसरी माशी तर लोकर आणि तार एवढ्यावरच भागे. ती होती ग्रेलिंग माशासाठी. ट्राउटच्या नदीत ग्रेलिंग हा नकोसा भागीदार मानला जाई आणि त्याला काढणे हे राखणदाराचे काम असे. आज हिवाळ्यात हौसेने शिकल्या जाणाऱ्या विद्येचे एक मूळ असे एका नोकराच्या रोजच्या कामात आहे. दुसरे मूळ पोलंड व चेकोस्लोव्हाकियात : आखूड दोरी, जड माशा, काठीच्या टोकाखालीच मासेमारी.

९/ शिष्यवृत्तीवर यॉर्कशरमध्ये असताना एका हिवाळ्यात वार्फ नदीवर मी हे शिकले. थंडीत मासे तळाशी, संथ पाण्यात राहतात. पृष्ठभागावरचे पाणी वेगाने धावते, तळाचे सावकाश. म्हणून दोरी शक्य तितकी पाण्याबाहेर उचलून धरायची, म्हणजे माशी तळाच्या गतीने वाहते. दोरी किंचित थबकली की काठी उचलायची. दहांपैकी नऊ वेळा तो दगड असतो. बोटे बधिर होतात. आणि मग एकदा तो दगड हालचाल करतो.

१०/ एके दिवशी मी गुडघाभर पाण्यात, फिकट रंगाच्या स्वच्छ वाळूखड्यांवर उभी होते. काठावरून एका वृद्ध गृहस्थांनी ओरडून मला तिथून बाजूला व्हायला सांगितले. मला राग आला. हॅल्फर्डपंथी अवतरले, असे वाटले. ते जवळ आले आणि म्हणाले की ट्राउटची मादी हिवाळ्यात शेपटीने खडे उकरून त्यांखाली अंडी घालते. तो फिकट पट्टा म्हणजे तिचे घरटे. मी त्याच्या कडेवर उभी होते. आत किती अंडी चिरडली गेली, हे मला कधीच कळणार नाही.

११/ म्हणून माझे मत असे : दोन प्रकारचे नियम आपण एकाच तराजूत घालतो. हिवाळ्यात ट्राउटला हात लावू नये आणि वसंतात अंडी घालणारा ग्रेलिंग तेवढा धरावा, हा नियम नदीने घालून दिला आहे. माशी तरंगलीच पाहिजे, हा नियम मंडळींनी घातला होता. पहिला मोडला तर जीव जातो, दुसरा मोडला तर प्रतिष्ठा. 'सर्व परंपरा पवित्र' म्हणणारे आणि 'सर्व परंपरा ढोंग' म्हणणारे, दोघेही हा फरक पुसून टाकतात. त्या दिवशी मीही तेच केले होते.

१२/ आपल्याकडचा एक प्रश्न विचारून थांबते. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात गळाच्या मासेमारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची आमिषे, गळ, दोरी, सारे तपशीलवार. जुन्या मराठीच्या अभ्यासासाठी हा ग्रंथ आपण आवर्जून उघडतो. पण कोणता मासा कोणत्या आमिषाला लागतो, हे राजाला कोणी सांगितले असेल? सॉयर यांना निदान पुस्तक लिहिता आले. आपल्या नद्यांच्या राखणदारांचे, कोळ्यांचे, भोयांचे ज्ञान कोणाच्या नावावर जमा झाले, ते शोधणे हे आपल्या पिढीच्या अभ्यासकांचे काम आहे. मतभेद असल्यास अवश्य लिहा.