आधी पालथा करा, मग पैसे द्या!

मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो! रॅम विचारतो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतो, ऑफिसातल्या चार जणांचं डोकं खातो. आणि राउटर? ‘भैया, एक अच्छावाला वाय-फाय देना.’ बस्स! दुकानदार पहिला हाताला येईल तो बॉक्स काढतो, चार अँटेना दाखवतो आणि आपण खूश. खरं तर मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलतो. राउटर मात्र एकदा कपाटावर जाऊन बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणजे इथली घाई जास्त महागात पडते.

त्यातून तुमची नोकरी पुण्यात आणि घर वाटूरला असेल, तर प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा. हो, तेच वाटूर, परतूर तालुक्यातलं, जालना-मंठा रस्त्यावरच्या फाट्यामुळे एसटीवाल्यांना पाठ असलेलं. बॉस म्हणतो, ‘गावाहून काम कर, पण कॉल कट होता कामा नये.’ घरचं वाय-फाय धड चाललं तर दिवाळीच्या चार दिवसांचे पंधरा होतात, आईच्या हातचं खाऊन मीटिंगला बसता येतं. नाही चाललं तर भाऊबीज उरकली की बॅग भरायची! तेव्हा या डब्याची पिढी ओळखायला शिकूच या.

बॉक्सवरची बाराखडी

बॉक्सवर मोठ्या अक्षरात एन300, एसी1200, एएक्स1500, बीई3600 असलं काहीतरी छापलेलं असतं. यातली पुढची अक्षरं म्हणजे पिढी. एन ही 2009 ची, एसी 2013 ची. पण ही अक्षरं कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून 2018 मध्ये वाय-फाय अलायन्सने सरळ नंबर दिले. एन झालं वाय-फाय 4, एसी झालं 5, एएक्स 6. बीई म्हणजे वाय-फाय 7, त्याचं सर्टिफिकेशन 2024 च्या जानेवारीत सुरू झालं.

मागचा आकडा मात्र जरा फसवा. एसी1200 म्हणजे तुम्हाला 1200 चा स्पीड मिळणार, असं नाही. 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 867, अशी ती कागदावरची बेरीज, वर थोडी गोलाई! एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो. आणि गंमत म्हणजे एसी ही पिढी फक्त 5 गिगाहर्ट्झवर चालते. त्याच राउटरचा 2.4 वाला अर्धा भाग जुन्या एन पिढीचाच असतो.

गावाकडच्या घरात याने फरक पडतो. 2.4 ची लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, 5 ची लवकर दमते. जाड दगडामातीच्या भिंतींचं जुनं घर असेल, तर माजघरापलीकडच्या खोलीत तुमचा एसी राउटर प्रत्यक्षात वाय-फाय 4 च देत असतो. वाय-फाय 6 दोन्ही बँडवर चालतं, शिवाय घरातले सगळे फोन एकदम जोडले की गर्दीही बरी सांभाळतं. अर्थात समोरचा लॅपटॉपही त्या पिढीचा हवा. लॅपटॉप 5 चा आणि राउटर 7 चा, तर गप्पा 5 च्याच भाषेत होणार.

आणि हो, वाय-फायच्या नावापुढे ‘5जी’ दिसलं म्हणून हुरळू नका. ते 5 गिगाहर्ट्झ. आपल्याकडे 2022 च्या ऑक्टोबरात आलेलं मोबाइलचं 5जी वेगळं. सिमवाला राउटर घेणार असाल तर दोन पिढ्या विचारायच्या: सिमची कुठली आणि वाय-फायची कुठली?

नाव तेच, आतला माल वेगळा

आता खरी मेख. एकाच मॉडेलच्याही पिढ्या असतात! याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी54जी. निळा-काळा, दोन अँटेनांचा हा राउटर जगभर खपला. 2005 मध्ये त्याचं व्हर्जन 5 आलं. रूप तेच, नाव तेच. पण रॅम 16 एमबीवरून 8 वर, फ्लॅश मेमरी 4 वरून 2 वर आणि आतली लिनक्स गायब! ज्यांना लिनक्सच हवी होती त्यांच्यासाठी कंपनीने नावापुढे एक ‘एल’ लावून वेगळं मॉडेल काढलं. म्हणजे ओळखायचं कसं, तर डबा उलटा करून.

आपल्याकडे घरोघरी दिसलेल्या टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर841एनची तर डझनाहून जास्त व्हर्जन्स निघाली. डी-लिंकच्या डीआयआर-615 वरही हार्डवेअर व्हर्जन म्हणून एक अक्षर आणि एक आकडा असायचा, आणि तो बदलत गेला. सॉफ्टवेअरचं अपडेट त्या-त्या व्हर्जनसाठीच असतं. भलत्याच व्हर्जनचं टाकलंत तर राउटरची वीट होऊ शकते.

काउंटरवर पाच मिनिटं

एक : राउटर पालथा करा. स्टिकरवर मॉडेलशेजारी ‘व्हर्जन’ शोधा. मग फोनवर कंपनीच्या साइटवर त्याच व्हर्जनचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. अपडेट बंद झालेल्या राउटरमागून ऑफिसचा लॅपटॉप चालवणं म्हणजे कडी न लावता झोपणं.

दोन : बॉक्सवर तयार झाल्याचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. सेलमधला माल कधीचा पडून आहे ते तिथेच कळतं.

तीन : डब्ल्यूपीए3 आहे का ते विचारा. पासवर्डची ही नवी सुरक्षा 2018 मध्ये आली.

चार : मागचे पोर्ट 100 चे की गिगाबिट? प्लॅन 200 चा आणि पोर्ट 100 चे, तर निम्मे पैसे पाण्यात.

पाच : अडॅप्टर किती व्होल्टचा? कुठे 9, कुठे 12. गावाला वीज गेल्यावर छोटा यूपीएस लावायचा तर हा आकडा जुळायलाच हवा.

सेकंडहँड घेताय? मग रिसेट करून सेटिंगचं पान स्वतः उघडून बघा, तिथेही व्हर्जन दिसतं. फायबर कंपनीने ग्राहकाला दिलेला डबा कुणी विकत असेल तर मात्र दुरूनच नमस्कार! तो बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो आणि दुसऱ्याच्या लाइनवर चालेलच याची खात्री नसते.

मग घ्यायचा कुठला? 100 चा प्लॅन, चार-पाच फोन आणि राउटरच्याच खोलीत कामाचं टेबल असेल, तर गिगाबिट पोर्टचा, अपडेट चालू असलेला एसी1200 सुद्धा पुरतो. नव्याने पैसे घालणारच असाल तर वाय-फाय 6 घ्या. वाय-फाय 7 साठी आधी लॅपटॉप त्या पिढीचा होऊ द्या. उरलेल्या पैशांतून तो यूपीएस घ्या. मीटिंग चालू असताना लाइट गेली, तर अँटेना कितीही असोत, काम यूपीएसच करणार!