दिनचर्या : नियम आणि त्यांच्या अटी

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठावे हा त्यातला पहिलाच उपदेश वाग्भटाने ‘स्वस्थ’ माणसापुरता ठेवला आहे. अष्टांगसंग्रहात त्याला आणखी एक जोड मिळते : उठताना रात्रीचे अन्न पचले की नाही, हे पाहावे. पुढचे नियमही असेच अटींसह येतात. दंतधावन सांगितले, पण अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप, अर्दित किंवा मुखपाक असलेल्यांना वगळून. अभ्यंग रोज करावे, पण कफाने ग्रासलेल्याने, नुकते शोधन झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने नाही. अतिसार, आध्मान आणि पीनस यांत स्नान निषिद्ध, जेवल्यावरही निषिद्ध. व्यायाम अर्ध्या शक्तीने करायचा, तोही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहूनही कमी.

दवाखान्यात रुग्णाच्या हाती पडणाऱ्या छापील पत्रकात यातले नियम तेवढे उतरतात, अटी गळून पडतात. पहाटे पाचला उठा, तांब्याभर कोमट पाणी प्या, सूर्यनमस्कार घाला, अंगाला तेल लावा, रात्री सातच्या आत जेवा. चाळिशीतल्या मधुमेही दुकानदाराला, सत्तरीतल्या आजीला आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला तेच पत्रक. पाण्याचेच उदाहरण घेतले तरी पुरे. पहाटेच्या जलपानाला भावप्रकाशाचा आधार आहे हे खरे. पण शरद आणि ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत निरोगी माणसानेही पाणी थोडेच प्यावे, असे वाग्भट म्हणतो. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला दिवसाचे पाणी मोजून घ्यावे लागते. त्याच्या बाबतीत ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला थेट अपाय करतो.

मराठी वैद्याला या अटी दूरच्या नाहीत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’मुळे संस्कृत न येणाऱ्यालाही तो ग्रंथ मराठीत खुला झाला. स्वस्थवृत्त हा बीएएमएसच्या अभ्यासक्रमातला स्वतंत्र विषय आहे. तरीही परीक्षा संपली की त्या वहीतले सर्वांत आधी विस्मरणात जातात ते अपवादच.

समग्र दृष्टी म्हणजे आहार, झोप, व्यायाम आणि मन अशा चार रकान्यांत प्रत्येकी चार सूचना लिहिणे नाही. या गोष्टी एकमेकींना कुठे अडकल्या आहेत ते शोधणे हे खरे काम, आणि आयुर्वेदात त्या बहुतेक वेळा अग्नीपाशी अडकलेल्या सापडतात. रात्री साडेदहाला जेवणाऱ्या माणसाचे अन्न झोपेपर्यंत पचत नाही. सकाळी जीभ पांढरी, अंग जड, भूक नाही. म्हणून नाश्त्याऐवजी चहा. दुपारी एकदम जास्त जेवण, त्यावर सुस्ती, सुट्टीच्या दिवशी तासभर झोप. मग रात्री झोप लांबते आणि जेवणही लांबते. या माणसाला पहाटे उठायला सांगितले तर तो चार दिवस उठेल आणि पाचव्या दिवशी वैद्यालाच टाळेल. त्याची गाठ रात्रीच्या जेवणात आहे. जेवण तासाभराने अलीकडे आले आणि थोडे हलके झाले की सकाळची भूक परत येते, आणि उठण्याची वेळ पुष्कळदा न सांगता सुधारते. कोणत्या रुग्णात कोणती गाठ आधी सोडवायची, हा निर्णय पत्रक घेऊ शकत नाही.

बदल कसा करायचा याची रीतही ग्रंथांनी सांगितली आहे, आणि तिचा वापर होतो त्याहून कितीतरी जास्त व्हायला हवा. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेले अहितकर हळूहळू सोडावे आणि हितकर तितक्याच हळू अंगीकारावे असे सांगून त्यासाठी पादांशिक क्रम दिला. एक चतुर्थांश सोडायचा, त्याच्या जागी हितकराचा एक चतुर्थांश आणायचा, आणि पुढच्या पायऱ्यांमधले अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढवत न्यायचे. वाग्भट आणखी सौम्य होतो : चतुर्थांश जमत नसेल तर चतुर्थांशाचाही चतुर्थांश, म्हणजे सोळावा भाग. सवयीचे अपथ्यसुद्धा एकदम तोडले तर विकार होतात, हे त्यामागचे कारण. दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्याने तो एका दिवसात बंद केला की दुसऱ्या दिवशी डोके दुखते आणि चिडचिड होते. कॅफीन अचानक तोडल्याची ही लक्षणे आधुनिक वैद्यकालाही ठाऊक आहेत. आठाचे सहा, मग चार, आणि सोडलेल्या दोन कपांच्या जागी ताक किंवा धने-जिऱ्याचे पाणी, असा क्रम लावला तर रुग्णाला त्रास कमी होतो आणि त्याला आपण हरलो असेही वाटत नाही. पुढच्या भेटीत विचारायला एक नेमका प्रश्नही वैद्याच्या हाती राहतो.

झोपेच्या बाबतीत पत्रकाची सर्वांत जास्त फजिती होते. चाकणच्या कारखान्यातला कामगार, रुग्णालयातली परिचारिका, परदेशी वेळेवर काम करणारा हिंजवडीतला संगणक अभियंता, यांच्या आयुष्यात ब्राह्ममुहूर्त ही घरी परतण्याची वेळ असते. शरीरातल्या दैनिक घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात २००७ मध्ये केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. पण एवढे सांगून रुग्णाची नोकरी बदलत नाही. त्याच्यासाठी वाग्भटाने एक व्यवहार्य उपाय दिला आहे : सवय नसताना जितका वेळ जागरण झाले, त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावे. यातली सवयीची अट महत्त्वाची. कायम रात्रपाळी करणाऱ्याचे शरीर काही अंशी तरी जुळवून घेते. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला ती सोय नाही, आणि त्याच्या तक्रारी अधिक गंभीरपणे घ्यायला हव्यात. पाळीवरून येऊन पोटभर न्याहारी आणि मग झोप, ही आपल्याकडची रूढ पद्धत नेमकी या सूत्राच्या उलट आहे. अर्थात इन्सुलिन किंवा साखर उतरवणारे औषध घेणाऱ्याला ‘उपाशी झोपा’ असे सरसकट सांगता येत नाही.

वेगधारण हा विषय केसपेपरवर क्वचितच दिसतो. अधारणीय वेग तेरा आहेत. त्यांतल्या मूत्रवेगाबद्दल शहरातल्या प्रत्येक स्त्री-रुग्णाला विचारावे, अशी परिस्थिती आहे. लोकलने किंवा एसटीने दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या, शाळेत स्वच्छ प्रसाधनगृह नसलेल्या, बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायका वेग रोखतात, आणि तो येऊच नये म्हणून पाणीही पीत नाहीत. मूत्रवेग रोखल्याने अंगदुखी, अश्मरी, बस्ती आणि वंक्षण यांत वेदना होतात असे वाग्भटाने नोंदवले आहे. वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यात आजच्या अनुभवाने मिळवता येतो. इथे चूर्ण देण्याआधी प्रवासाची आणि कामाच्या जागेची चौकशी हवी. चरकाने सूत्रस्थानाच्या त्याच सातव्या अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध असे मनाचे वेग मात्र आवरायला सांगितले आहेत. शरीराचे वेग आवरायचे आणि रागाला वाट द्यायची, असा उलटा व्यवहार बऱ्याच घरांत चालतो.

ऋतुचर्येत एक अडचण महाराष्ट्रापुरती स्पष्ट सांगायला हवी. ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद वर्षा ही मासगणना कोकणातल्या पावसाशी जुळत नाही. तिथे ज्येष्ठातच मोसमी पाऊस सुरू होतो. शोधनाच्या सोयीसाठी ग्रंथांनी प्रावृट् हा वेगळा ऋतू मानला आहे, त्यावरून गणना लवचीक आहे हे कळते. पंचांगापेक्षा आभाळ, भूक आणि रुग्णाची कातडी पाहून ऋतू ठरवावा. ऋतुसंधीचा सात अधिक सात दिवसांचा नियमही त्याच धर्तीवर वापरावा : जुना विधी हळूहळू सोडत नवा आणायचा. पावसाळ्यात अग्नी सर्वांत मंद असतो आणि नेमके तेव्हाच आपले उपवास दाटीने येतात. जुने धान्य, मुगाचे कढण, मध आणि हलके अन्न सांगितलेल्या या काळात शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी उपासाचे पदार्थ म्हणून पोटात जाते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण श्रावणातल्या बाह्यरुग्ण विभागाला चपखल बसते. उपवास सोडायला सांगण्याचे कारण नाही. वरईचा भात आणि ताक सुचवले तरी पुष्कळ काम होते.

इंडियाबी या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे दिनचर्या विचारायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच गोळ्या घेत असणार. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्याला लंघन सांगितले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते सांगू नये. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे रक्तदाब असलेल्याला ‘सैंधव कितीही चालेल’ हे चूक. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मिठाची मर्यादा त्यालाही लागू आहे. मधुमेह्याच्या पायाला तेल लावायला हरकत नाही, पण बोटांच्या बेचक्यात तेल राहू देऊ नये आणि पाय रोज पाहावेत. जलनेतीला नळाचे थेट पाणी न वापरता उकळून गार केलेले पाणी घ्यावे.

रुग्णाला सांगितलेला आहार बहुतेक घरांत दुसरेच कोणी रांधते, आणि ती बाई स्वतः सर्वांत शेवटी, उरलेले, पुष्कळदा गार जेवते. नवऱ्याला वेगळे पथ्य दिले की तिच्या दिवसात एक स्वयंपाक वाढतो आणि तिचे जेवण आणखी अर्ध्या तासाने लांबते. म्हणून पथ्य सांगताना रांधणारी व्यक्ती समोर असावी, आणि पथ्य शक्यतो सगळ्या घराला चालेल असे असावे : ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, ऋतूतली भाजी, ताजे ताक. दही रात्री नको हा नियमही सर्वांनाच सोयीचा आहे.

केसपेपरवर प्रकृती आणि निदान यांच्या खाली चार ओळी पुरतात : शेवटचे जेवण किती वाजता, झोप कधी ते कधी, कोणता वेग रोखला जातो, कोणती औषधे चालू आहेत. पाचव्या ओळीत या खेपेला ठरलेला एकच बदल आणि त्याचा चतुर्थांश लिहावा. वजन विनाकारण घटणे, शौचातून रक्त जाणे, छातीत दाब येऊन दम लागणे, रात्री घामाने भिजवणारा ताप अशी लक्षणे दिसली, तर दिनचर्येची चर्चा थांबवून तपासण्या आणि तज्ज्ञाचे मत आधी घ्यावे.