भाडेकरू? तो तर तुम्ही नाहीच!

मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या समस्त आयटीवाल्यांना एक साधा प्रश्न. तुम्ही भाडेकरू आहात का?

'हो' म्हणालात तर कपाटातला तो करारनामा काढा आणि पहिलं पान वाचा. (कोणी वाचत नाही, माहीत आहे. सगळे थेट सही करतात.) तिथं तुम्ही 'लायसेन्सी' आहात. म्हणजे मालकानं त्याच्या जागेत काही महिने राहायची परवानगी दिलेला इसम. महिन्याला चाळीस हजार मोजा नाहीतर ऐंशी, कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू नाहीच!

मग या शहरात भाडेकरू आहे तरी कोण? ज्याच्या आजोबांनी गिरगावात, दादरला किंवा भेंडीबाजारात पागडी देऊन खोली घेतली, तो. त्याचं भाडं बहुतेक वेळा महिन्याला काही शे रुपये. त्याला सहजासहजी काढता येत नाही, आणि त्याच्यामागे हक्क घरच्यांकडे जातो.

या भानगडीचं मूळ १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टमध्ये आहे. महायुद्ध, फाळणी, घरांची टंचाई. अशा वेळी भाडी गोठवणं समजू शकतो. पण गोठवली कुठल्या पातळीवर? १ सप्टेंबर १९४० च्या! आपल्या भाषेत, कोडमध्ये एक तारीख हार्डकोड करून टाकली. कायदा तात्पुरता होता, मुदत संपत आली की वाढवायची, बस्स. 'टेम्पररी फिक्स'च सगळ्यात जास्त टिकतो, हे तुम्हाला मी काय सांगणार!

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. चक्रवाढीनं मोजलं तरी १०० रुपयांचे २५ वर्षांनी साधारण २६७ होतात. तेवढ्यात मालक गिलावा करेल की जिना? तो काहीच करत नाही, इमारत पडायची वाट बघतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. एकट्या भाडेनियंत्रणामुळे इमारत पडत नाही, कबूल. पण ज्या घराच्या देखभालीत कोणाचाच फायदा नाही, ते घर किती दिवस उभं राहणार?

आता आपली बाजू. 'भाडेकरू घर बळकावतात, म्हणून अकरा महिने' हे मालकांचं ठरलेलं वाक्य. अहो, कुठल्या जमान्यात आहात? १९९९ च्या कायद्याचं कलम २४ वाचा. लायसन्सची मुदत संपली आणि माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. लेखी करार हाच निर्णायक पुरावा. म्हणजे मालक तोंडानं "रहा हो हवं तितकं" म्हणाला, त्याची किंमत शून्य.

बरं, 'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही' हीसुद्धा महाराष्ट्रात निव्वळ दंतकथा. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. मग अकरा महिनेच का? कारण दरवर्षी भाडं वाढवता येतं, आणि एजंटाला दरवर्षी दलाली मिळते.

मी सात वर्षांत पाच घरं बदलली. भाडं एकदाही थकवलं नाही. शेवटच्या वेळी कारण एवढंच की एजंटानं मालकाला सहा हजार जास्त देणारा माणूस आणून दिला. माझं सोडा, मी एकटा जीव, दोन बॅगा उचलल्या की निघालो. पण टीममधल्या एका मैत्रिणीची मुलगी पहिलीत आहे, आणि हिला ऐन सहामाहीत घर सोडायला सांगितलंय. त्या मुलीनं शाळाही अकरा महिन्यांच्या करारावर घ्यायची का?

काहीजण म्हणतील, सगळं बाजारावर सोडा. बाजार? २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. ज्यांना घर हवं ते वणवण फिरतात आणि घरं कुलपात. असला बाजार असतो होय?

केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, आणि घरात यायचं तर मालकानं २४ तास आधी कळवायचं, हे त्यात चांगलं आहे. पण मुदत संपली की उठा, हे तिथंही आहेच. म्हणून तो जसाच्या तसा नको.

माझं म्हणणं असं:

१. करार किमान तीन वर्षांचा. मालकानं मध्ये काढायचं तर सबळ कारण हवं: भाडं थकलं, नुकसान केलं, किंवा स्वतःला राहायला खरोखर घर हवंय. भाडेवाढ किती, ते करारातच ठरवा.

२. डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि परत करायला ठरलेली तारीख.

३. जुनी भाडी टप्प्याटप्प्यानं वाढवा. ज्याला झेपतं त्यानं द्यावं. लालबागच्या चाळीतल्या पेन्शनर आजींना सरकारनं मदत करावी, पण मोक्याच्या जागेवर पेढी चालवणाऱ्याला त्याच दयेची गरज नाही. आणि वाढीव पैशातला ठरावीक हिस्सा दुरुस्तीवरच खर्च व्हावा.

यात क्रांतिकारक काही नाही. जर्मनीत ऑनसाइट जाऊन आलेल्यांना विचारा. तिथं बेमुदत करार ही साधी गोष्ट आहे, काढायला कायदेशीर कारण लागतं, आणि तरी मालक भिकेला लागलेले नाहीत.

मग होत का नाही? सोपं आहे. पागडीवाले मतदार आहेत. बिल्डरांकडे पैसा आहे. आणि आपण? आपलं नाव अजून सातारच्या नाहीतर अकोल्याच्या यादीत. दर अकरा महिन्यांनी वॉर्ड बदलणाऱ्या माणसाला कुठला नगरसेवक घाबरेल? आपल्याला टिकू देत नाहीत म्हणून आपलं मत नाही, आणि मत नाही म्हणून टिकू देत नाहीत. इन्फिनाइट लूप!

तो आपणच तोडायला हवा. पत्ता बदलायचा फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो. आज रविवार आहे, आणि दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं, तर "आम्ही इथले नाही हो" म्हणून दार लावू नका. डिपॉझिटचं काय करणार, ते विचारा.