सोलापूरच्या बससाठी कर? मग आधी सोलापूरकरांचे मत घ्या

केंद्र सरकारच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून सोलापूरला 100 विजेच्या बस मंजूर झाल्या, तेव्हा शहरात चर्चा रंगली ती गाड्या कधी येणार, याची. आल्यावर त्या रोज कशाच्या जोरावर धावणार, हे फारसे कुणी विचारले नाही. या योजनेत गाडी कंत्राटदाराची असते आणि तो किलोमीटरमागे ठरलेला दर घेतो. त्यात केंद्राचा हातभार बारा मीटरच्या बसला 24 रुपये, नऊ मीटरच्या बसला 22 रुपये आणि सात मीटरच्या बसला 20 रुपये, तोही दहा वर्षांपुरता. बाकीचे पैसे तिकिटातून आणि जे कमी पडतील ते महापालिकेच्या तिजोरीतून. नुसत्या अंदाजासाठी गणित मांडू. कंत्राटाचा दर 60 रुपये, केंद्राचे 22, तिकिटाचे 25 धरले तर किलोमीटरमागे 13 रुपये उणे राहतात. शंभर गाड्या रोज 180 किलोमीटर धावल्या, तर वर्षाची तूट साडेआठ कोटींच्या घरात जाते. दहा वर्षांनी केंद्राने हात काढून घेतला की तीच तूट 23 कोटींवर पोचते. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्यक्षातले थोडे वरखाली होतील. पण खड्डा आहे आणि तो दरवर्षी भरावा लागणार आहे, यात शंका नाही.

असा खड्डा भरायला आपल्याकडे पैसे नसतात, हे सोलापूरच्या परिवहन उपक्रमाने एकदा दाखवून दिले आहे. नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून दहा-बारा वर्षांपूर्वी नव्याकोऱ्या बस आल्या, त्यांचे कौतुक झाले, आणि थोड्याच काळात त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या चेसीला तडे गेले. चूक कुणाची, यावर वाद चालू राहिला आणि गाड्या डेपोत उभ्या राहून गंजल्या. गाड्या घ्यायला दिल्लीचा पैसा मिळाला होता. त्या रस्त्यावर टिकवायला शहराकडे स्वतःचे असे काही नव्हते. कामगारांचे थकलेले पगार, मिनतवाऱ्या करून मिळणारे डिझेल, एकेक करून बंद पडलेले मार्ग, हे सारे त्याच ओघाने आले. सिटी बसची जागा शेअर रिक्षांनी घेतली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बस नसेल तेव्हा माणसे जे मिळेल त्यात कोंबून बसतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, सोलापूरच्या वाहतुकीसाठी एक छोटा, वेगळा, ठरावीक मुदतीचा स्थानिक अधिभार असावा आणि तो लावायचा की नाही, हे सोलापूरकरांनी थेट मतदान करून ठरवावे. अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. लॉस एंजेलिस परगण्यातल्या मतदारांनी 2008 मध्ये शंभर डॉलरच्या खरेदीवर अर्धा डॉलर जादा विक्रीकर तीस वर्षांसाठी मान्य केला. त्यातून रेल्वे, बस आणि रस्त्यांची कामे होतात आणि खर्चावर करदात्यांची स्वतंत्र समिती लक्ष ठेवते. तिथे अशा करासाठी दोन तृतीयांश मते लागतात. 2012 मध्ये त्याच कराची मुदत वाढवायचा प्रस्ताव आला, त्याला 66 टक्क्यांहून थोडी जास्त मते पडली आणि तेवढ्या निसटत्या फरकाने तो पडला. चार वर्षांनी सुधारून आणलेला प्रस्ताव 71 टक्क्यांनी मंजूर झाला. अटलांटाभोवतीच्या दहा परगण्यांनी 2012 मध्ये असाच कर साफ फेटाळला; पण 2016 मध्ये एकट्या अटलांटा शहराने बस-रेल्वेसाठी अर्ध्या टक्क्याचा कर स्वीकारला. लोकांना विचारले की ते सरसकट नाही म्हणतात, हा समज या अनुभवाला धरून नाही. लोक प्रस्ताव वाचतात, तोलतात, एखादा परत पाठवतात.

तीच पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि शहरांच्या हातून विक्रीशी जोडलेला कर कायमचा गेला. आधी जकात होती. ती काढून 2010 नंतर टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणला गेला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. आता महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. 2016-17 हे पाया वर्ष धरून तिच्यात दरवर्षी आठ टक्के वाढ होते. रक्कम वाईट नाही. पण शहराची बाजारपेठ फुलो की कोमेजो, आकडा मुंबईत ठरतो, आणि आपण काय देतो व त्याचे काय होते, हा धागा करदात्याच्या हातून सुटलेला आहे. जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, भ्रष्टाचारही चाले. त्या दिवसांची आठवण काढून हळहळण्याचे कारण नाही. मात्र शहराचे म्हणून जे उत्पन्न होते, ते गेले.

उरलेली वाट मुद्रांक शुल्काची आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घर-जागेच्या व्यवहारावर एक टक्का जादा घेतला जातो आणि लोक त्याला मेट्रो सेस म्हणतात. मेट्रोसाठी जे चालते, ते सिटी बससाठी का चालू नये? रस्ता आणि बस आली की जागेचा भाव वाढतो. त्या वाढीतला दमडीभर हिस्सा बसकडे परत जावा, हे न्यायाचेच आहे. सोलापुरात एक टक्काही लागणार नाही, अर्ध्यापासून सुरुवात करता येईल. शिवाय पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावरचा मूल्यवर्धित कर राज्याचा आहे. त्यातला लिटरमागे काही पैशांचा वाटा जिल्ह्याच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी बांधून देणे राज्याला कायद्याने शक्य आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो गरिबांवरच्या ओझ्याचा, आणि तो खरोखर तोलून पाहण्यासारखा आहे. विक्रीकर चहा-साखरेवरही बसतो, म्हणून तो गरिबाला जड जातो. अमेरिकेतही या करावर हीच टीका होते. जागेचा व्यवहार आणि पेट्रोल यांवरच्या अधिभाराने हा दोष बराच कमी होतो. आणि आज बस नसण्याचा कर कोण भरते, तेही पाहावे. कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत हजारो घरे आहेत. जवळच रे नगरमध्ये 30 हजार घरांचा प्रकल्प उभा राहतो आहे आणि त्यातल्या 15 हजारांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांना घर मिळाले ते शहराच्या हद्दीबाहेर. कारखाना, दवाखाना, बाजार सगळे आत. त्यांच्या मजुरीतून रोज रिक्षाला जे जाते, ते कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. वर मांडलेली साडेआठ कोटींची तूट 2011 च्या जनगणनेतल्या साडेनऊ लाख सोलापूरकरांत वाटली, तर माणशी वर्षाला नव्वद रुपये होतात.

कुंभारीवरून दुसरी गोष्ट निघते. महापालिकेची हद्द आणि लोकांच्या येण्याजाण्याची हद्द एक राहिलेली नाही. चिंचोळीची औद्योगिक वसाहत मोहोळ तालुक्यात, विद्यापीठ केगावला. मतदान आणि अधिभार दोन्ही या साऱ्या पट्ट्याला मिळून हवेत, नाहीतर शहर पैसे देईल आणि गावे नुसती प्रवास करतील, किंवा आजच्यासारखी दोन्ही पायी जातील.

दुसरा आक्षेप सोलापुरात कुणीही पहिल्या दमात घेईल: जी महापालिका नळाला रोज पाणी देऊ शकत नाही, तिच्या हाती आणखी पैसा का द्यायचा? अविश्वास रास्त आहे. म्हणूनच मी मतदानाचा आग्रह धरतो. नवा कर साध्या ठरावाने लागला, तर तो सर्वसाधारण निधीत विरघळेल. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 पर्यंत या शहरात निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात ठराव कुणाच्या संमतीने झाले, याचे उत्तर कुणाकडे मागायचे? मतपत्रिकेवर मात्र दर, मुदत, मार्ग, गाड्यांची संख्या छापावी लागते. मुदत महत्त्वाची. 2015 साली दुष्काळासाठी म्हणून इंधनावर लिटरमागे दोन रुपये अधिभार लागला. पुढे पाऊस झाला, अधिभार काही लगेच उतरला नाही. सरकारी कर स्वतःहून घरी जात नाहीत, त्यांना जाण्याची तारीख आधीच लिहून द्यावी लागते.

आपल्या लोकांना कर नकोच असतो, हे तिसरे म्हणणे. त्यासाठी कोल्हापूरच्या टोलचा दाखला दिला जातो. तिथे 220 कोटींचे, जवळपास 50 किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेतले आणि तीस वर्षांच्या टोलचा करार झाला. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर उतरले आणि अखेर राज्याला कंपनीची भरपाई करून टोल रद्द करावा लागला. माझ्या मते त्या आंदोलनाचा धडा उलटा आहे. कोल्हापूरकरांना करार झाल्यावर, नाके उभे राहिल्यावर कळले की पैसे आपण द्यायचे आहेत. आधी विचारले असते तर कदाचित होकार मिळाला असता, कदाचित नकार. पण नकारही स्वस्तात मिळाला असता. आणि थेट मतदान महाराष्ट्राला परके नाही. दारूचे दुकान ठेवायचे की हटवायचे, यासाठी उभी बाटली-आडवी बाटली असे मतदान आपल्या खेड्यांतल्या आणि शहरांतल्या बायकांनी घडवून आणले आहे.

सर्वांत जड आक्षेप शेवटी राहतो. पुण्या-मुंबईच्या मेट्रोला केंद्र-राज्याचे हजारो कोटी, आणि सोलापूरने आपल्या बससाठी खिशात हात घालायचा? हा प्रश्न टाळता येणार नाही. सोलापूरहून विमान उडावे म्हणून राज्याने 2025 मध्ये तफावत निधी, म्हणजे खर्च आणि तिकिटातले अंतर भरून देणारी मदत, मंजूर केला. विमानाच्या आसनाला जे मिळते त्याला मदत म्हणायचे आणि सिटी बसच्या आसनाला लागते त्याला तोटा, हा हिशोब बरोबर नाही. पण उपाय राज्याच्या जुन्या दप्तरातच आहे. 1975 मध्ये व्यवसाय कर लागला, तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराकडून जेवढे जमेल, तेवढीच भर राज्य आपल्या बाजूने घालेल, असे ते सूत्र होते. पगारदारांनी कुरकुर केली, पण तो कर टिकला. सोलापूरच्या मतपत्रिकेवरही तीच अट हवी: राज्याने रुपयाला रुपया देण्याचे लेखी मान्य केल्याखेरीज अधिभार लागू होणार नाही, आणि राज्याने एखाद्या वर्षी हात आखडला, तर त्या वर्षापुरती वसुली थांबेल.

यासाठी विधिमंडळात कायदा लागेल आणि त्याची मागणी सोलापूरमधूनच जायला हवी. निवडून आलेली सभा आता पुन्हा आहे. तिने परिवहन उपक्रमाचे खरे जमाखर्च, ई-बस कंत्राटाचा दर आणि पुढच्या दहा वर्षांच्या तुटीचा अंदाज आधी छापून लोकांपुढे ठेवावा, आणि त्यानंतर ठराव करून तो मुंबईला पाठवावा.