श्रमिकाला व्यायाम कशाला?

विकसनशील देशांतील मानसिक आरोग्याचा ऊहापोह करणाऱ्या परिषदांतून अलीकडे व्यायामाचे माहात्म्य मोठ्या आवर्जून प्रतिपादिले जाते. प्रतिपादन करणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो आणि त्यामागचा शास्त्रीय आधारही पोकळ नाही; तथापि ज्याने उसाच्या फडात एखादा दिवस जरी काढला असेल त्याला हा उपदेश ऐकताना एक शंका आल्यावाचून राहत नाही, की ज्या मुलखात लक्षावधी माणसे शरीर झिजवूनच पोट भरतात त्या मुलखात मनःस्वास्थ्याची एवढी चणचण का असावी? शरीर हलविल्याने मन प्रसन्न होते हा सिद्धांत निरपवाद असता, तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारासारखा प्रसन्नचित्त मनुष्य अवघ्या महाराष्ट्रात शोधून सापडू नये.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन जे जोडपे पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकाच्या वाटेला लागते, त्यातील बाईची दिनचर्या पाहावी. पहाटेच्या काळोखात उठून भाकरी थापायच्या, उजाडण्यापूर्वी थंडीने गारठलेल्या फडात उतरायचे, बुडख्याशी वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून वाहनात चढवायच्या, आणि हे सारे आटोपून पालावर परतल्यावर पुन्हा पाणी, सरपण, चूल. आजारपणाने एक दिवस चुकला तर त्या खाड्याची रक्कम हिशेबात चढते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीची शिफारस केली आहे. ती मर्यादा ही बाई सोमवारी न्याहारीपूर्वीच ओलांडते.

शास्त्रालाही हा विरोधाभास अपरिचित नाही. कामावरचे कष्ट आणि फुरसतीतला व्यायाम यांचे हृदयावरील परिणाम परस्परविरुद्ध असू शकतात, असे डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षे दाखवीत आले आहेत. मनाच्या बाबतीतही निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित कौल याच दिशेचा आहे: आपखुशीने, फुरसतीच्या वेळी केलेल्या हालचालीशी खिन्नतेचे प्रमाण घटल्याचा संबंध आढळतो, पोटासाठी सोसलेल्या कष्टांशी तो आढळत नाही. (खिन्न माणूस मुळातच कमी हालचाल करतो, तेव्हा यातले कारण कोणते आणि कार्य कोणते हा वाद शिल्लक राहतोच, परंतु तो येथे बाजूला ठेवू.) मला वाटते, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. ज्या हालचालीचा आरंभ आणि अंत आपल्या हाती आहे, जिच्यानंतर विश्रांती आणि झोप मिळणार आहे, जिच्यात चार समवयस्कांची संगत आहे, तीच मनाला उभारी देते. कर्जाच्या तगाद्याखाली, दुसऱ्याच्या घड्याळाबरहुकूम केलेली हालचाल स्नायूंना थकविते आणि मनालाही. तेव्हा गरिबाजवळ हालचालीची तूट नाही; तूट आहे ती स्वतःच्या मालकीच्या वेळेची, मोकळ्या जागेची आणि सोबतीची.

हे म्हणत असताना दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण 2000 साली सुमारे 22 टक्के होते, ते 2022 साली वाढून जवळजवळ 50 टक्क्यांवर पोहोचले. पुरुषांत ते सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के. म्हणजे एकाच देशात एका वर्गाचे शरीर अतिश्रमाने मोडते आहे आणि दुसऱ्याचे खुर्चीत गंजते आहे, आणि मनाचे दुखणे मात्र दोघांच्याही वाट्याला आले आहे. त्यावर उपचार? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने निरनिराळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे नमूद केले, आणि लाख लोकसंख्येमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही ज्या देशात नाही तेथे ही दरी केवळ डॉक्टरांच्या बळावर भरून निघणे नजीकच्या भविष्यात संभवत नाही.

अशा परिस्थितीत गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने केलेला एक प्रयोग मला कोणत्याही उपदेशाहून मोलाचा वाटतो. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी अशी व्यवस्था केली, की वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटावे आणि खिन्नतेमुळे त्याने सोडून दिलेली, एकेकाळी त्याला आनंद देणारी कामे पुन्हा थोडीथोडी सुरू करण्यास त्याला साहाय्य करावे. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. येथे कोणी कोणाला जोर-बैठका काढावयास लावल्या नाहीत. रोजच्या जगण्यात मनाजोगती कृती परत आणणे आणि ती आणताना कोणीतरी पाठीशी उभे असणे, एवढेच या उपचाराचे मर्म होते. तीव्र विकारात औषधे लागतातच, आणि व्यायामाच्या भरवशावर ती बंद करण्याचा सल्ला देणारे जे हितचिंतक प्रत्येक कुटुंबात असतात त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

व्यायामाची उज्ज्वल परंपरा आपल्याकडे आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झाले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने आपले देशी खेळ तेथे करून दाखविले. परंतु या परंपरेची दृष्टी बलोपासनेवर आणि राष्ट्रसेवेवर खिळलेली होती. तालमीच्या उंबऱ्याआत बाईला मज्जाव होता. तिच्या वाट्याला आली ती श्रावणातली मंगळागौर, फुगड्या, झिम्मा आणि रात्रभराचे जागरण, तेही प्रामुख्याने लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांपुरते. त्यानंतर बाईने देहाने खेळावे याची तजवीज कोणत्याच शिरस्त्यात नव्हती.

ही उणीव लॅटिन अमेरिकेतील देशांनी आपल्याआधी ओळखली. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे 1974 पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत प्रमुख रस्ते मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे केले जातात, आणि आज हे जाळे सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथील उद्यानांत भरणाऱ्या विनामूल्य व्यायामवर्गांना येणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य असतात. ब्राझीलमधील रेसिफे शहराने सार्वजनिक जागांत वेतनी प्रशिक्षक नेमून असेच वर्ग चालविले, आणि 2011 मध्ये त्या देशाने ही कल्पना आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या अंगभूत केली. आपल्याकडे याच्या जोडीला ठेवता येईल अशी गोष्ट म्हणजे आमदार-नगरसेवकांच्या निधीतून उभारलेल्या खुल्या व्यायामशाळा, ज्यांतील यंत्रे दोन पावसाळ्यांत गंजतात आणि देणाऱ्याच्या नावाचा फलक तेवढा शाबूत राहतो. यंत्रे घेणे सोपे असते, कारण त्यांची निविदा काढता येते. माणूस नेमणे अवघड, कारण त्याला दरमहा पगार द्यावा लागतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या प्रश्नाकडे शासनाने वेळेचा आणि जागेचा प्रश्न म्हणून पाहावे. गळीत हंगामात तोडणी कामगाराला आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळावी ही मागणी मी मानसिक आरोग्याच्या खात्यातच मांडीन. खेड्यापाड्यांसाठी तर नवी जमीन संपादन करण्याचेही कारण नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेसाठी क्रीडांगण अपेक्षिलेले आहे. जिथे ते आहे तिथे संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याच्या फाटकाला कुलूप लागते. ते उघडे ठेवावे, आणि आठवड्यातील काही संध्याकाळी ते केवळ स्त्रियांसाठी राखावे. त्यासाठी बोधचिन्ह नको, उद्घाटनाचा समारंभ नको; दिव्यांचे बिल, गावातल्याच एखाद्या प्रशिक्षित तरुणीचे मानधन, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि मोडतोडीची जबाबदारी मुख्याध्यापकांच्या माथ्यावरून काढून ग्रामपंचायतीवर सोपविणारा एक लेखी ठराव, एवढी तरतूद जिल्हा नियोजन समित्यांनी येत्या आर्थिक वर्षात काही तालुक्यांपुरती तरी करून पाहावी.