उसाच्या ट्रॉलीची पिन बघायची कोणी?

उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पुढचे चार-पाच महिने आपले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे होऊन जातात. त्या दिवसांत एक बातमी कुठून ना कुठून येतेच. चढावर मागची ट्रॉली सुटली, मागच्या दुचाकीवर गेली, नाहीतर रस्त्यात आडवी झाली. कारण एका ओळीत दिलेले असते : 'पिन तुटल्याने' किंवा 'हुक निसटल्याने'. मग चर्चा होते ती रिफ्लेक्टरची, जादा भरलेल्या उसाची आणि ड्रायव्हरच्या टेपची. या तक्रारी खऱ्याच आहेत. पण पिन का तुटली, हे कोणी विचारीत नाही. पिन एका दिवसात तुटत नसते. ती रोज थोडी थोडी झिजत असते, आणि ती झीज ड्रायव्हरच्या सीटपासून चार हातांवर, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी असते.

हा विषय वाहतूकदाराचा, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरवली, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. आपल्या राज्यात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च याच रकमेतून वजा होतो आणि उरलेले बिल आपल्या खात्यावर पडते. म्हणजे ट्रॉलीचे भाडे शेवटी ऊसवालाच देतो. करार करतो कारखाना, ट्रॉली असते वाहतूकदाराची, चालवतो रोजावरचा किंवा खेपेवरचा ड्रायव्हर. भाडे देणाऱ्याला पिन बघण्याचा अधिकार नाही, चालवणाऱ्याला ती बदलण्याचे पैसे नाहीत, मालक गावाकडे, आणि कारखान्याला फक्त वजनकाट्यावरच्या आकड्याशी देणेघेणे. चौघांच्या मध्ये ती पिन बेवारस राहते.

किती खेपा होतात याचा अंदाज घ्या. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात राज्यात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन भरतात आणि सगळाच ऊस अशा जोड ट्रॉल्यांनी गेला असे धरले, तर ६६ लाख खेपा होतात. प्रत्यक्षात ट्रक आणि बैलगाड्याही आहेतच, तेव्हा आकडा कमी भरेल. तरी अंदाज यावा म्हणून सांगितले. त्याच हंगामात ऊस शिल्लक राहू नये म्हणून सरकारने ५० किलोमीटरच्या पुढे टनाला दर किलोमीटरमागे ५ रुपये वाहतूक अनुदान जाहीर केले होते. अंतर वाढले की खेप लांबते, आणि खेप लांबली की झीजही वाढते.

आता प्रत्यक्ष जोडाकडे वळू. ट्रॅक्टरच्या मागे हुकाच्या दोन पट्ट्या असतात, वरची आणि खालची. त्यांच्यामध्ये ट्रॉलीच्या दांडीचे कडे बसते. कोणी त्याला डोळा म्हणते, कोणी रिंग. तिन्हीतून पिन जाते. नवी असताना पिन आणि कडे यांच्यात थोडीच मोकळीक असते. वळणावर कडे पिनेभोवती फिरते, खड्ड्यात वरखाली होते, आणि हे सगळे पूर्ण ओढ असताना. लोखंडावर लोखंड घासते. त्यात फडातली माती आणि कारखान्याच्या रस्त्याची धूळ जाऊन बसते. पिनेला एका बाजूने खाच पडते, कडे अंड्यासारखे लांबट होते.

इथवर आपण सगळेच जाणतो. पुढचा मुद्दा मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. झिजेमुळे पिन बारीक होते हे नुकसान आहेच, पण त्याहून मोठे नुकसान मोकळीक वाढण्याचे आहे. ट्रॅक्टर निघतो तेव्हा आधी ही मोकळीक संपते आणि मग कडे पिनेवर आदळते. ब्रेक मारला की ट्रॉली मागून ढकलते आणि कडे उलट्या बाजूने आदळते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, तेव्हा २० टनांचा रेटा त्या एका पिनेतून दोन-तीन टनांच्या ट्रॅक्टरवर येतो. मोकळीक २ मिलिमीटरची असेल तर हा टोला हलका. तीच २० मिलिमीटर झाली, तर ड्रायव्हरने क्लच तसाच सोडूनही टोल्यातली ताकद दसपट होते. म्हणजे पिन बारीक होत जाते आणि तिच्यावरचा घण जड होत जातो. शेवटच्या आठवड्यात ती पहिल्या महिन्यापेक्षा कितीतरी वेगाने का झिजते, त्याचे कारण हे.

दहा टनांची ट्रॉली सपाट डांबरीवर ओढायला दोनशे किलोच्या आसपास ओढ लागते. वीस फुटांत एक फूट चढ असेल तर आणखी पाचशे किलोची भर. ओल्या फडातून बाहेर काढताना टनभर किंवा त्याहूनही जास्त. हे आकडे संथ ओढीचे आहेत. चाक रुतले म्हणून ड्रायव्हर मागेपुढे हिसके देतो, तेव्हाचा हिशेब वेगळाच. दोन ट्रॉल्या असतील तर ट्रॅक्टरकडची पिन दोन्हींचा भार ओढते, ट्रॉल्यांमधली फक्त मागचीचा. म्हणून पुढची पिन लवकर संपते. लोक ती काढून मागे घालतात आणि 'मागे काय भार असतो' म्हणतात. सुटते ती बहुधा मागचीच, कारण तिच्याकडे ड्रायव्हरची पाठ असते आणि ती दिसतही नाही.

मग ग्रीस लावले की झाले का? याबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काहीजण पिनेला थेंबभर तेल दाखवत नाहीत. काहीजण मूठभर ग्रीस थापतात आणि महिनाभर त्यावरच पुन्हा थापतात. उघड्या जोडावर ग्रीसचा गोळा म्हणजे धुळीला आमंत्रण. ग्रीस आणि बारीक वाळू एकत्र आली की काय होते, ते इंजिनचे व्हॉल्व्ह घासणाऱ्या मिस्त्रीला विचारा. तो मुद्दाम तसलीच पेस्ट वापरतो. तेव्हा आधी जुने ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसून काढायचे, पिन आणि कडे दोन्ही कोरडे करायचे, आणि मग बोटाने पातळ थर द्यायचा. चेसिसला वापरतो ते लिथियमचे ग्रीस चालते. जळके ऑइल लावू नका. ते टिकत नाही आणि काजळीने भरलेले असते. हंगामात हे काम आठवड्यातून दोनदा तरी झाले पाहिजे, आणि फडात चिखल असेल तर रोज. पूर्वी बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे, आणि आखाला वंगण दिल्याशिवाय जुनी माणसे गाडी बाहेर काढीत नसत. दोन बैलांच्या गाडीची जेवढी काळजी होती, तेवढी पन्नास घोड्यांच्या ट्रॅक्टरमागच्या जोडाची नसावी, हे नवलच म्हणायचे.

चार चाकी ट्रॉलीचे टर्न टेबलही याच हिशेबात धरा. पुढचा आख ज्या कड्यावर फिरतो, ते कोरडे पडले की आख वळणावर सहज फिरत नाही, दांडी आडवा जोर लावते आणि तो जोर पिनेवर येतो. टर्न टेबलला ग्रीसचे निपल असतात. मातीने बुजलेले असल्याने ते अनेकांना ठाऊकच नसतात. तारेने माती काढा, गनने नवे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत भरा. इथे जोड झाकलेला असल्याने जास्त ग्रीस भरले तरी बिघडत नाही.

पिन कशाची आहे, हेही बघायला हवे. पिन हरवली की हाताला येईल ते घालण्याची सवय सगळीकडे आहे. बांधकामाच्या सळईचा तुकडा, जुना बोल्ट, पहारीचे टोक. सळईच्या कंगोऱ्यांवर कड्याचा भार सगळीकडे सारखा येत नाही, ती कडेही खराब करते आणि स्वतःही वाकते. लेथवाल्याकडे ईएन-८ सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाची पिन करून मिळते. वरची कातडी पाणी देऊन कडक आणि गाभा चिवट, अशी ती हवी. कानस फिरवून बघा. चांगल्या पिनेवरून ती घसरते. सगळीच पिन काचेसारखी कडक केली तर हिसक्याला तडकते, हेही मिस्त्रीला बजावून सांगा. लांबट झालेले कडे वेल्डिंगने भरून घेण्यापेक्षा लेथवर बोअर करून आत पोलादी बुश ठोकून घेतलेले बरे. पुढच्या वेळी फक्त बुश बदलायचे, कडे तसेच राहते. वेल्डिंगच करायचे तर आधी कडे तापवून घ्या, नाहीतर भरलेल्या जागेच्या शेजारी बारीक चीर राहते आणि ती रंगाखाली झाकली जाते. खालच्या पट्टीचे भोक मोठे झाले असेल तर नुसती नवी पिन घालून उपयोग नाही. पिनेला वरून आणि खालून दोन्हीकडे आधार हवा. एकच आधार उरला की ती झाडाच्या फांदीसारखी वाकते. आणि दांडी जमिनीला समांतर राहील अशा उंचीला हुक ठेवा. दांडी तिरकी असली की कड्याची नुसती धार पिनेवर घासते.

महामार्गावर कंटेनर ओढणारे लांब ट्रेलर बघा. ट्रकच्या पाठीवर जी मोठी पाट असते, तीत ट्रेलरची पिन अडकते. त्या पाटीला एकतर नेमाने ग्रीस असते किंवा तिच्यावर घसरत्या प्लॅस्टिकचा थर बसवलेला असतो, म्हणजे ग्रीसच कमी लागते आणि धूळही धरत नाही. तिथली दोन इंची पिन नवी असताना ५०.८ मिलिमीटर भरते आणि ४९ मिलिमीटरवर आली की बनवणारे ती टाकायला सांगतात. दोन मिलिमीटरसुद्धा झीज चालवून घेत नाहीत. आपल्याकडे करंगळी जाईल एवढी फट पडली तरी 'हा हंगाम निघतोय' म्हणतात.

आपल्या पिनेलाही असेच माप ठरवावे, असे माझे मत आहे. त्यासाठी महागडे यंत्र नको. लेथवाल्याकडून लोखंडी पट्टीला एक खाच पाडून घ्या, नव्या पिनेच्या जाडीपेक्षा बरोबर दोन मिलिमीटर कमी. पिन काढून पुसायची आणि ही खाच झिजलेल्या जागी लावून बघायची, पिन फिरवून सगळ्या बाजूंनी. खाच पिनेवर बसली की पिन बाद. बसली नाही तर पिन पाव वळसा फिरवून परत घाला, म्हणजे झीज एकाच बाजूला होणार नाही. पिनेच्या आसपास तांबूस भुकटी दिसली तर जोड कोरडा चालतो आहे असे समजावे. पिन काढण्याआधी ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, आणि ट्रॅक्टर चालू असताना मध्ये उभे राहू नका.

पिनेच्या खालची क्लिप म्हणून तार गुंडाळणे बंद झाले पाहिजे. साखळी तर हवीच. हुकाच्या पिनेलाच अडकवलेली साखळी काही कामाची नाही. पिन गेली की तीही जाते. ती ट्रॅक्टरच्या चेसिसला वेगळी बांधलेली असावी, आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्येही. वळणापुरती ढील द्या, पण जमिनीवर लोळेल इतकी नको.

आता हे करायचे कोणी? हंगामात ड्रायव्हरला वेळ नसतो असे म्हणतात. खेपेवर पैसे असल्याने तो घाईत असतो, हे खरे. पण हाच ट्रॅक्टर कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत तासन् तास उभा असतो. खाच लावून बघायला दोन पिनांना दहा मिनिटे पुरतात. कारखान्यांनी तळावर एक मिस्त्री, डिझेलचे फडके, ग्रीसचा डबा आणि चार मापांच्या पिना ठेवल्या आणि बाद पिनेचे पैसे वाहतूकदाराच्या बिलातून वळते केले, तर कोणाचा खोळंबा होणार नाही. वाहतूक करारात रिफ्लेक्टरबरोबर पिन आणि साखळीची अट घालायलाही काही अडचण दिसत नाही. चांगल्या पिनेचा खर्च फार तर एक-दोन खेपांच्या डिझेलइतका.

सरपंच आणि पोलीसपाटलांनाही थोडे सांगायचे आहे. टोळी आणि ट्रॅक्टर गावात येतो तेव्हा पहिला ऊस कोणाचा तुटणार यावर मोठा खल होतो. त्याच दिवशी ट्रॉली रिकामी असताना दोन्ही पिना आणि साखळ्या बघून घ्याव्यात. गावाबाहेर घाट, शाळेसमोरचा चढ किंवा ओढ्यावरचा उतार असेल तर तिथून दोन भरलेल्या ट्रॉल्या एकदम न नेता एकेक न्यायला लावावी. वाहतूकदार कुरकूर करील, पण ज्या शेतकऱ्याचा ऊस आहे त्याने त्याच्या बाजूने न बोलता गावाच्या बाजूने बोलावे.

आणि ज्यांच्या घरच्याच ट्रॉल्या आहेत, त्यांनी हंगाम संपल्यावर ट्रॉली गोठ्यामागे तशीच टाकू नये. पिन, बुश, टर्न टेबल या तिन्ही गोष्टी उन्हाळ्यात लेथवाल्याकडे नेल्या की काम निवांत होते. ऑक्टोबरात त्याच्याकडे रांग असते, आणि मग जे सळईचे तुकडे घातले जातात, ते होळीपर्यंत तसेच राहतात.