विश्लेषण : प्राप्तिकराचा ‘रिफंड’ अजून का आला नाही? वाट पाहायची की ३१ डिसेंबरपूर्वी हालचाल करायची?

शेजारच्या सहकाऱ्याचा रिफंड आठ दिवसांत जमा झाला आणि आपला मात्र तीन महिन्यांनंतरही ‘अंडर प्रोसेसिंग’ असाच दिसतो आहे. यंदा अनेक पगारदार करदात्यांचा हा अनुभव आहे. त्यातच डिसेंबरमध्ये प्राप्तिकर विभागाकडून आलेल्या एसएमएस आणि ई-मेलनी गोंधळ वाढवला. वर्ष संपायला अवघे काही दिवस उरले असताना रिफंड नेमका कुठे अडकतो, कायदा काय सांगतो आणि ३१ डिसेंबर ही तारीख का महत्त्वाची आहे, ते पाहू या.

रिफंड म्हणजे नेमके काय?

पगार, मुदत ठेवींवरील व्याज किंवा व्यावसायिक शुल्कातून आधीच कापलेला टीडीएस आणि भरलेला आगाऊ कर प्रत्यक्ष देय करापेक्षा जास्त असेल, तर फरकाची रक्कम परत मिळते. त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. ते बंगळूरु येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात तपासले जाते. हिशेब जुळला की कलम १४३(१) नुसार सूचनापत्र येते आणि त्यानंतर रक्कम स्टेट बँकेमार्फत करदात्याच्या खात्यात जमा होते. म्हणजे विवरणपत्र भरणे, ई-पडताळणी, तपासणी आणि रक्कम वर्ग होणे असे चार टप्पे आहेत. विलंब यापैकी कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतो.

यंदा उशीर का जाणवतो आहे?

पहिले कारण वेळापत्रकाचे. यंदा फॉर्ममध्ये बरेच बदल झाले. त्यामुळे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि नंतर एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर २०२५ करण्यात आली. शेअर व्यवहार किंवा व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांसाठीच्या काही फॉर्मची युटिलिटी जुलैमध्ये उपलब्ध झाली. साहजिकच पुढचे सगळे चक्र लांबले.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे वाढलेली छाननी. १४ जुलै २०२५ रोजी विभागाने देशभरात १५० ठिकाणी बनावट वजावटींविरोधात कारवाई केली. संशयास्पद दाव्यांचे प्रमाण ज्या राज्यांत आढळले त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. घरभाडे भत्ता, देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आरोग्य विमा अशा कलमांखाली खोटे दावे करून रिफंड मिळवून देणारे मध्यस्थ विभागाच्या रडारवर आले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे चुकीचे दावे मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा सांगितले होते. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे अध्यक्ष रवी अग्रवाल यांनीही छोट्या रकमांचे रिफंड दिले जात असून काही दावे चुकीच्या वजावटींमुळे तपासले जात असल्याचे स्पष्ट केले.

‘दहा दिवसांत रिफंड’ या दाव्याचे काय?

विवरणपत्र प्रक्रियेचा सरासरी कालावधी २०१३-१४ मधील ९३ दिवसांवरून दहा दिवसांवर आल्याचे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितले होते. पण ही सरासरी आहे, हमी नव्हे. साधी विवरणपत्रे काही तासांत किंवा दिवसांतही मार्गी लागतात आणि छाननीत अडकलेली महिनोन्महिने थांबतात.

कायद्यातील मुदत तर बरीच लांब आहे. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यानंतर नऊ महिन्यांच्या आत कलम १४३(१) चे सूचनापत्र पाठवता येते. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या विवरणपत्रासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. त्यामुळे आज रिफंड आलेला नसला, तरी तेवढ्यावरून विभागाने नियम मोडला असे म्हणता येत नाही.

अडथळा करदात्याच्या बाजूचा आहे हे कसे ओळखायचे?

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून ही पाच ठिकाणे तपासावीत.

ई-पडताळणी : विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत ती व्हायला हवी. ती झाली नसेल तर तपासणी सुरूच होत नाही. उशिरा केली, तर पडताळणीची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरली जाते.

बँक खाते : खाते पोर्टलवर प्रमाणित असावे आणि त्यावरील नाव पॅनशी जुळावे. बँकेचे विलीनीकरण झाल्यास आयएफएससी कोड बदलू शकतो, खाते बंद पडलेले असू शकते. अशा वेळी ‘रिफंड फेल्ड’ असा शेरा दिसतो. खाते दुरुस्त करून रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती पोर्टलवरच करता येते.

पॅन-आधार जोडणी : पॅन निष्क्रिय असेल तर रिफंड दिला जात नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

टीडीएसचा मेळ : विवरणपत्रातील आकडे फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणाशी म्हणजेच एआयएसशी जुळायला हवेत. कंपनीने किंवा बँकेने कर कापला, पण पॅन चुकीचा लिहिला, तर ती दुरुस्ती कर कापणाऱ्यालाच करावी लागते.

जुनी थकबाकी : आधीच्या वर्षाची कर मागणी बाकी असेल तर कलम २४५ नुसार ती रिफंडमधून वळती होऊ शकते. त्याआधी सूचना येते. मागणी मान्य नसेल तर दिलेल्या मुदतीत पोर्टलवर हरकत नोंदवावी लागते. उत्तर न दिल्यास रक्कम वळती होण्याची शक्यता वाढते.

याशिवाय ‘डिफेक्टिव्ह’ विवरणपत्राची नोटीस आली असल्यास १५ दिवसांत, तर उत्पन्न किंवा वजावटीत बदल सुचवणारे पत्र आले असल्यास ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ही पत्रे ई-मेलच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडून राहण्याचे प्रकार नेहमीचे आहेत.

डिसेंबरमधील संदेशाचा अर्थ काय?

जोखीम व्यवस्थापन प्रक्रियेत रिफंडच्या दाव्यात विसंगती आढळल्याने प्रक्रिया थांबवली आहे, अशा आशयाचे हे संदेश आहेत. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या राजकीय पक्षांना दिलेल्या कथित देणग्या हा त्यातील एक मोठा विषय आहे. हा संदेश म्हणजे दंडाची नोटीस नाही. दावे पुन्हा तपासा आणि चूक असेल तर स्वतःहून दुरुस्त करा, असा त्याचा रोख आहे. ज्यांचे दावे योग्य आहेत त्यांनी काही करण्याची गरज नाही, असे विभागाचे म्हणणे आहे. अर्थात अशा करदात्यांनी भाडेपावत्या, विमा हप्त्याच्या पावत्या, देणगीची प्रमाणपत्रे आणि बँक नोंदी हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

३१ डिसेंबर का महत्त्वाचा?

या आकारणी वर्षाचे सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपते. एखादा दावा चुकीचा असेल, किंवा उलट एखादा टीडीएस दाखवायचा राहून गेला असेल, तर दुरुस्तीसाठी हीच वेळ आहे. त्यानंतर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो. पण त्यात पहिल्या वर्षीच कर आणि व्याजावर २५ टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो आणि रिफंड मागण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी ते वापरता येत नाही. थोडक्यात, हक्काचा रिफंड कमी मागितला गेला असेल, तर जानेवारीत तो वाढवून मागण्याचा साधा मार्ग राहणार नाही. सुधारित विवरणपत्राचीही ई-पडताळणी करावी लागते, हे विसरू नये.

मात्र केवळ उशीर झाला म्हणून घाबरून योग्य दावे मागे घेऊ नयेत. तसे केल्यास नुकसान करदात्याचेच.

उशिराचे व्याज मिळते का?

मिळते. कलम २४४ए नुसार दरमहा अर्धा टक्का. मुदतीत विवरणपत्र भरलेल्यांना टीडीएस आणि आगाऊ कराच्या रिफंडवर १ एप्रिलपासून व्याज मोजले जाते. उदाहरणार्थ, ४० हजार रुपयांचा रिफंड डिसेंबर २०२५ मध्ये मिळाला, तर नऊ महिन्यांचे साडेचार टक्के, म्हणजे १,८०० रुपये व्याज होईल. हे व्याज करपात्र असून पुढील विवरणपत्रात ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून दाखवावे लागते.

यात दोन मेखा आहेत. रिफंड निश्चित झालेल्या एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज मिळत नाही. म्हणजे दोन लाख रुपये कर असलेल्या पगारदाराचा १५ हजारांचा रिफंड वर्षभर रखडला, तरी व्याज शून्य. शिवाय विलंब करदात्यामुळे झाला असेल तर तो काळ वगळला जातो. दुसरीकडे, करदात्याने कर भरायला उशीर केला तर त्याला दरमहा एक टक्का व्याज द्यावे लागते. सरकार आपल्या विलंबासाठी त्याच्या निम्मेच देते.

मग खरा प्रश्न कुठे आहे?

खोटे दावे रोखणे आवश्यक आहे, कारण तो पैसा प्रामाणिक करदात्यांचाच असतो. पण त्याच चाळणीत योग्य विवरणपत्रेही थांबतात. ‘अंडर प्रोसेसिंग’ या दोन शब्दांतून नेमके काय अडले ते करदात्याला कळत नाही. नेमका मुद्दा आणि अंदाजे कालावधी कळला, तर गोंधळ बराच कमी होईल.

ही अनिश्चितता सायबर भामट्यांच्या पथ्यावर पडते. ‘तुमचा रिफंड मंजूर झाला, खाते क्रमांक द्या’ अशा संदेशातील लिंक उघडू नये. विभाग ओटीपी, पिन किंवा कार्डाचा तपशील मागत नाही. संदेश खरा की खोटा हे पाहण्यासाठी स्वतः पोर्टलवर लॉगिन करावे. वरील पाचही गोष्टी ठीक असतील आणि दाव्यांचे पुरावे हाती असतील, तर पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. चूक आढळली, तर मात्र ३१ डिसेंबरची वाट न पाहता आजच सुधारित विवरणपत्र भरलेले बरे.